राजमा स्लो कुकरमध्ये: उकळी गॅसवर, वेळ पॉटमध्ये

प्रश्न थोडक्यात असा आहे. यावल तालुक्यातल्या एका घरात अर्धा किलो राजमा रात्रभर भिजवला. सकाळी ७ वाजता टोमॅटो, चिंचेचा कोळ, मीठ-मसाला सगळं एकदम घालून बोअरच्या पाण्यात स्लो कुकरच्या, म्हणजे विजेवर मंद आचेत शिजवणाऱ्या पॉटच्या, 'लो'वर ठेवला. दुपारी ४ वाजता उघडला तर निम्मे दाणे शिजलेले, निम्मे आतून कडक. तसाच खाल्ला आणि दोन-अडीच तासांत घरातल्या तिघांना मळमळ आणि उलट्या. विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं, "अजून दोन तास ठेवायला हवा होता का?"

ताई, दोन तास वाढवून हा राजमा सुधारला नसता. इथे दोन वेगळ्या चुका एकत्र झाल्या आहेत. उलट्या झाल्या त्या राजम्याला खळखळून उकळी मिळाली नाही म्हणून. दाणे कडक राहिले ते पाणी, आंबट आणि बहुधा व्होल्टेज यामुळे. दुसरी चूक फार तर जेवण बिघडवते, पहिली माणूस आजारी पाडते, म्हणून पहिलीबद्दल आधी लिहिते. त्या दिवशीचं काही फ्रिजमध्ये उरलं असेल तर गरम करून बघत बसू नका, फेकून द्या. उलट्या-जुलाब अजून चालू असतील, किंवा घरात लहान मूल वा म्हातारं माणूस असेल, तर ओआरएस देत राहा आणि डॉक्टरांना दाखवा.

कच्च्या राजम्यात एक लेक्टिन असतं, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं. हे प्रथिन आतड्याच्या आवरणाला चिकटतं आणि पोट ढवळून काढतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा त्रासाला पुरतात. खाल्ल्यावर १ ते ३ तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात, मग जुलाब. तुमच्याकडची वेळ त्यात बरोबर बसते. १०० अंशांच्या उकळीत हे प्रथिन १० मिनिटांत निकामी होतं. पण ८० अंशांच्या आसपास नुसतं ऊन होत राहिलं तर ते निकामी होत नाही, उलट अशा अर्धकच्च्या राजम्याची विषारी ताकद कच्च्यापेक्षा पाचपटीपर्यंत वाढलेली आढळली आहे. स्लो कुकर 'लो'वर तासन्‌तास नेमका याच टापूत रेंगाळतो. म्हणजे "नऊ तास तर ठेवला होता" या बोलण्याला इथे काही अर्थ नाही. तापमान कुठवर गेलं ते महत्त्वाचं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला मला पटतो: निदान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात निदान ३० मिनिटं उकळा. १० मिनिटांचं काम ३० मिनिटं का करायचं? पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं तरी दाण्याच्या गाभ्यापर्यंत तेवढी उष्णता पोचायला वेळ लागतो, म्हणून.

आपल्याकडे हे नवीन नाही. चुलीवर उसळ करणाऱ्या बाया आधी मोठ्या जाळावर मडकं खळखळून उकळायच्या आणि मग ते वैलावर, म्हणजे चुलीला जोडून असलेल्या मंद आचेच्या जागी, सरकवायच्या. स्लो कुकर म्हणजे विजेवर चालणारा वैल. त्याला चुलीचं काम सांगितलं की असं होतं.

हा नियम सगळ्या कडधान्यांना सारखा लागू नाही. लाल राजमा सगळ्यात जास्त जपायचा. पांढऱ्या राजम्यात हे लेक्टिन कमी, पण असतं. वाघ्या घेवडा हा राजम्याचाच भाऊबंद, नाव वेगळं म्हणून सूट नाही. हरभरा, काबुली चणे आणि चवळी यांना या कारणासाठी उकळी लागत नाही, तरी मी १० मिनिटं देते, कारण पॉट गरम पाण्यापासून सुरू झाला की पुढचा अंदाज चुकत नाही. वाल भिजवलेलं पाणी फेकायचं आणि पहिली उकळी गॅसवरच काढायची. मठ आणि मूग यांना स्लो कुकर दाखवूच नये. मोड आलेले मठ गॅसवर १२-१५ मिनिटांत होतात, पॉटमध्ये त्यांचं पिठलं होतं. कुणी सांगेल की राजम्याला मोड आणले तर उकळायची गरज नाही, तर ते ऐकू नका. मोड आलेला राजमाही उकळायचाच.

आता कडकपणाकडे येते.

दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. शिजणं म्हणजे ते पेक्टिन सुटणं. आंबटात ते सुटायला फार वेळ लागतो, कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळालं तर ते आणखी घट्ट होतं. तुम्ही टोमॅटो आणि चिंच सुरुवातीलाच घातलीत आणि पाणी बोअरचं घेतलंत, म्हणजे दोन्ही बाजूंनी दाणा आवळला. गॅसवरच्या जोरदार उकळीत एवढी चूक कशीबशी निभावते, मंद आचेवर निभावत नाही. टोमॅटो, चिंच, आमसूल, लिंबू, दही हे सगळं दाणा बोटचेपा झाल्यावरच. गुळातही थोडं कॅल्शियम असतं, म्हणून तोही शेवटी.

मिठाबद्दल मात्र जुना समज उलटा आहे. मिठानं डाळ-उसळ शिजत नाही असं म्हणतात, पण भिजवतानाच मीठ घातलं तर त्यातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. दाणे फुटतातही कमी.

पाण्याबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्या भागात निम्म्या तक्रारी इथूनच येतात. खान्देशात बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे. ओळख सोपी: साबणाला फेस येत नाही, माठाच्या बुडाला आणि पाणी तापवायच्या पातेल्याला पांढरी खपली धरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरी सोयच नसेल तर ६००पर्यंत. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीसुद्धा राजमा शिजवायला फार जड असू शकतं. खात्री करायची तर एकाच पुडीतले २०-२० दाणे दोन वाट्यांत भिजवा, एकात बोअरचं पाणी आणि एकात आरओचं, आणि त्याच त्या पाण्यात दोन लहान पातेल्यांत ४५ मिनिटं शिजवा. एकेक दाणा चिमटीत दाबला की फरक बोटाला कळतो, दुसरी तपासणी लागत नाही.

जड पाण्यावर तीन उपाय आहेत. शिजवण्यापुरतं आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं स्वच्छ पाणी वापरा, अर्धा किलोला दोन-अडीच लिटर पुरतं, शिवाय उकळीसाठी तेवढंच आणखी. ते नसेल तर बोअरचं पाणी आदल्या दिवशी १० मिनिटं उकळून थंड करा आणि तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचं ओतून घ्या. कठीणपणाचा काही भाग असा खाली बसतो, सगळा नाही. तिसरा उपाय खाण्याच्या सोड्याचा: अर्ध्या किलोला सपाट पाव चमचा, तोही उकळीच्या पाण्यात. सोड्याच्या क्षारानं पेक्टिन लवकर सुटतं. पण हात सैल सोडलात तर रश्श्याला साबणासारखी चव येते, साली गळून पडतात आणि ब-१ जीवनसत्त्वही जातं. पाणी हलकं असेल तर सोड्याची गरजच नाही. सोड्याऐवजी पापडखार घालायचा मोह टाळा, तो जास्त तीव्र असतो.

त्यानंतर दाण्याचं वय. कडधान्य उष्णतेत आणि दमटपणात पडून राहिलं की आतून बदलतं, पाणी पितं पण मऊ होत नाही. मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्याखालच्या कोठीत राहिलेला राजमा पावसाळ्यात शिजवायला काढलात तर तो हट्टीच निघणार. जुना राजमा निस्तेज दिसतो, साल सुरकुतलेली वा चिरलेली असते. नवा-जुना एकत्र करू नका, निम्मे शिजलेले निम्मे कडक हे याच मिसळीनंही होतं. दुसरा प्रकार गणंगाचा. भिजवल्यावर बाकीचे दाणे दुप्पट फुगलेले आणि मधेच एखादा लहान, चकचकीत, खडखडीत दाणा तसाच. त्याच्या सालीतून पाणी आतच गेलेलं नसतं. निथळल्यावर परातीत पसरून हात फिरवलात की तो बोटाला लागतो. वेचून टाका, पॉट त्याला शिजवणार नाही.

आणि चौथी गोष्ट, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: व्होल्टेज. साध्या स्लो कुकरमध्ये नुसती तापणारी तार असते. 'लो' आणि 'हाय' म्हणजे कमी वॅट आणि जास्त वॅट, तापमान मोजून सावरणारं आत काही नसतं. तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३०च्या जागी १८० व्होल्ट आले तर वाटतं वीसेक टक्के कमी, पण उष्णता उरते ६१ टक्के. २५० वॅटचा पॉट १५० वॅटवर येतो. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की गावातला पंखा जसा रेंगाळतो तसाच पॉटही रेंगाळतो, फक्त पंख्याचं दिसतं, पॉटचं दिसत नाही. पॉट परदेशातून आणलेला १२० व्होल्टचा असेल तर तो आपल्या सॉकेटला थेट लावायचाच नाही, जवळजवळ चौपट वीज ओढून जळेल. त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, पॉटच्या वॅटच्या दुपटीचा घ्या. पण लाइनचं व्होल्टेज पडलं की ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरचंही पडतं हे लक्षात ठेवा.

तुमचा पॉट किती तापतो हे एकदा मोजून ठेवा. अर्धा पॉट साधं पाणी, झाकण लावून 'लो'वर ८ तास. झाकण काढल्या काढल्या थर्मामीटर बुडवा. ८५ ते ९३ अंश आलं तर पॉट ठीक. ८५च्या खाली असेल तर कडधान्यासाठी 'लो' विसरा, 'हाय'च वापरा. थर्मामीटर नसेल तर 'हाय'वर चार तासांनी काचेच्या झाकणातून बघा, कडेनं बारीक बुडबुडे सतत वर येत असले पाहिजेत.

आता अर्ध्या किलोची कृती. हे माप ४-५ लिटरच्या पॉटचं आहे. भिजल्यावर अर्धा किलोचा सव्वा किलोच्या आत-बाहेर होतो आणि पॉट अर्धा ते दोन-तृतीयांश भरला की आच सारखी लागते.

राजमा निवडून, धुऊन, दोन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, मीठ विरघळवून त्यात भिजवा. थंडीत १०-१२ तास. उन्हाळ्यात तेवढा वेळ बाहेर ठेवलात तर पाणी फसफसतं आणि आंबूस वास येतो, म्हणून एप्रिल-मे मध्ये ६ तास पुरे, मध्ये एकदा पाणी बदला किंवा भांडं फ्रिजमध्ये ठेवा. दाणा नखानं मधोमध उकलून बघा: दोन्ही पाकळ्या आतून सपाट आणि एकरंगी असतील तर भिजला. मध्यावर खळगा आणि फिकट, खडूसारखा ठिपका दिसला तर अजून दोन तास.

ते पाणी फेका, दोनदा धुवा, गणंग वेचा. मोठ्या पातेल्यात दोन-अडीच लिटर ताजं पाणी घालून मोठ्या आचेवर ठेवा. फेस भरपूर येतो, झाऱ्यानं काढत राहा. दाणे वर-खाली उड्या मारतील अशी उकळी आली की घड्याळ लावा, ३० मिनिटं. कडेला बुडबुडे येणं म्हणजे उकळी नाही. सगळे दाणे पाण्याखाली राहिले पाहिजेत, पाणी कमी पडलं तर उकळतंच घाला.

पातेलं उकळत असताना पॉट रिकामा तापवायचा नाही आणि थंड चिनी मातीच्या भांड्यात एकदम उकळतं पाणीही ओतायचं नाही, तडा जातो. त्यात तांब्याभर कोमट पाणी घालून 'हाय'वर २० मिनिटं ठेवा, मग ते काढून टाका. उकळलेला राजमा निथळून पॉटमध्ये घाला आणि वर बोटाच्या एका पेराएवढं येईल इतकं गरम पाणी. सोबत एक अख्खा कांदा, चार-पाच लसणाच्या पाकळ्या, तमालपत्र, एक चमचा तेल, एक लहान चमचा मीठ. बाकी काही नाही.

अर्ध्या तासाच्या उकळीनं काम बरंच पुढे गेलेलं असतं, म्हणून आता 'हाय'वर अडीच ते साडेतीन तास, किंवा 'लो'वर ५ ते ७. ही रुंदी मुद्दाम ठेवली आहे, दाण्याचं वय आणि पाणी यावर ती ठरते आणि नेमका आकडा तुमच्या पॉटबरोबर दोन-तीनदा केल्यावरच सापडतो. झाकण सारखं उघडू नका, एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला २०-३० मिनिटं जातात. 'हाय'वर पहिल्यांदा अडीच तासांनी उघडा.

तपासताना एक दाणा बघून चालत नाही. वरचा, तळाचा, कडेचा असे पाच घ्या. चमच्यात घेऊन फुंकर मारली तर साल सुटून वळली पाहिजे. मग अंगठा आणि तर्जनीत दाबा: लोण्यासारखा पसरला पाहिजे, मध्ये रवाळ कण लागता कामा नये. पाचातला एक जरी रवाळ लागला तरी अर्धा तास आणखी. एवढं करूनही चार तासांत 'हाय'वर मऊ पडला नाही तर तो राजमा जुना आहे. प्रेशर कुकरमध्ये काढून एक शिट्टी आणि मंद आचेवर १५ मिनिटं द्या, वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

मसाल्याचं गणित पॉटमध्ये वेगळं बसतं. झाकणाखालून वाफ फारशी जातच नाही, म्हणून रस्सा आटत नाही आणि मसाला पाण्यात भिजून बेचव होतो. तर्री तर पॉटमध्ये येणंच शक्य नाही, तेवढं तेल तिथे तापत नाही. म्हणून मसाला शेवटी, आणि गॅसवर. दोन मोठे कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं आणि दहा-बारा लसणाच्या पाकळ्या चांगल्या करपवट भाजून कोथिंबिरीबरोबर वाटून घ्या. पाव वाटी तेल तापवून वाटण त्यात तेल सुटेपर्यंत परता, दीड-दोन चमचे काळा मसाला आणि तिखट घाला, मसाला जळू नये म्हणून लगेच पळीभर राजम्याचं पाणी. टोमॅटो किंवा चिंच घालायची ती या टप्प्यावर. राजम्याचे दोन पळ्या दाणे ठेचून आत मिसळले की रस्सा मिळून येतो. सगळं एकत्र करून गॅसवर १० मिनिटं उकळलं की तवंग वर येतो. कळण्याच्या भाकरीबरोबर खायचा असेल तर रस्सा जरा पातळच ठेवा, भाकरी चुरल्यावर ती बराच पिऊन टाकते.

लाइट जाते तेव्हा काय, हे तुम्ही विचारलं नाही पण विचारायला हवं होतं. पॉट चालू असताना तुम्ही घरी असाल आणि लाइट गेली, तर झाकण न उघडता अर्धा-पाऊण तास थांबा. नाही आली तर पातेल्यात काढून गॅसवर पुरं करा. शेतावरून परत आलात, घड्याळ बंद पडलेलं दिसलं आणि लाइट किती वेळ नव्हती ते कळत नसेल, तर पॉट हाताला गरम लागतो म्हणून खाऊ नका. ६० अंशांच्या खाली अन्नात जंतू वाढतात आणि कडधान्याचा रस्सा त्यांना फार मानवतो. याच कारणासाठी टायमर लावून "मी गेल्यावर दुपारी सुरू होऊ दे" हे राजम्याला करू नका. शिजलेला राजमा 'वॉर्म'वर तीन-चार तासांपेक्षा जास्त नको. उरलेला दोन तासांच्या आत पसरट भांड्यांत काढून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी गरम करायचा तो गॅसवर उकळी आणून. पॉट तेवढा लवकर तापत नाही आणि फ्रिजमधलं गार चिनी मातीचं भांडं थेट तापवलं तर तडकतं.

हे सगळं वाचून "मग प्रेशर कुकरच काय वाईट?" असं वाटलं तर वाटू द्या. चार माणसांच्या घरात रोजच्या उसळीसाठी प्रेशर कुकरच बरा: भिजवलेला राजमा, एक शिट्टी, मंद आचेवर २० मिनिटं, झाकण आपोआप पडू द्यायचं. आतलं तापमान १०० च्या वर जातं, त्यामुळे लेक्टिनचा प्रश्न राहत नाही. पॉटनं गॅस वाचतो हाही हिशेब फसवा आहे, २०० वॅटचा पॉट ७ तास चालला की १.४ युनिट गेले, वर अर्ध्या तासाचा गॅस वेगळा. पॉटचा फायदा दोनच ठिकाणी दिसतो. दाणा अख्खा राहतो, साल फुटत नाही आणि आतून मात्र लोण्यासारखा होतो, हे शिट्टीत जमत नाही. आणि वीस-पंचवीस पानं उठवायची असतील तेव्हा राजमा एका कोपऱ्यात आपला आपला शिजत राहतो, गॅसच्या दोन्ही शेगड्या भाकरी आणि भरताच्या वांग्यांना मोकळ्या राहतात. तशा दिवशी अर्ध्या तासाची खुली उकळी नको वाटत असेल तर भिजवलेला राजमा ताज्या पाण्यात कुकरला लावा, एक शिट्टी, मग मंद आचेवर १० मिनिटं, आणि तिथून पाण्यासकट गरम पॉटमध्ये, 'हाय'वर दोन तास.